कै. रेव्ह. नारायण वामन टिळक व मंडळीचा घरोबा

आमच्या खेडोपाडींच्या मंडळ्यांत रविवारीं टाळ-मृदंग घेऊन जीं पदें म्हटलीं जातात, त्यांतील पुष्कळशीं कै. रेव्ह. नारायण वामन टिळक यांनीं रचिलेलीं आहेत, हें बहुतेक वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्या पदांचा कर्ता आयुष्याचीं पहिलीं तेहेतीस वर्षें कोठेंच स्थिर न होणारा, घर असून बेघर असा मनुष्य होता, आणि ख्रिस्ती मंडळींत आल्यावरहि त्यांस व त्यांच्या कुटुंबास आपलेपणा एका दिवसांत लाभला नाहीं, ही गोष्ट तितकीशी कोणी लक्षांत घेत नाहीं. एखाद्या मंडळींत नवें कुटुंब येतें, चार रविवार दाराजवळच्या चटईवर बसतें आणि मग दिसेनासें होतें, असे प्रसंग आपल्याकडे घडतात. म्हणून टिळकांचें चरित्र या एका अंगानें पाहावें असें आम्हांस वाटलें. त्यांच्या काव्याची चर्चा विद्वानांनीं केलीच आहे. ती येथें करण्याचा आमचा विचार नाहीं.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजीं रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांव येथें एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबांत झाला. आई जानकीबाई भाविक असून त्यांस काव्याची आवड होती. ती या मुलानें उचलली. वडील वामनराव सरकारी नोकरींत होते. त्यांचा स्वभाव कडक, व बापलेकांचें कधींच जमलें नाहीं. नारायण अकरा-बारा वर्षांचा असतां आई वारली, आणि तेव्हांपासून घर हें त्याला घर राहिलें नाहीं. तो नाशकास गेला. तेथें गणेशशास्त्री लेले या विद्वान गृहस्थांजवळ त्याचें संस्कृताचें अध्ययन झालें. इंग्रजी शिक्षण मात्र अर्धेंच राहिलें. पोटासाठीं लवकरच नोकरी धरावी लागली.

१८८० च्या सुमारास नाशिकजवळील जलालपूरच्या गोखले घराण्यांतील मुलीशीं त्यांचा विवाह झाला. वधू अकरा-बारा वर्षांची होती. याच पुढें सर्व महाराष्ट्रास ठाऊक झालेल्या लक्ष्मीबाई. संसार मांडला खरा, परंतु तो एका जागीं राहीना. कोठें शाळामास्तर, कोठें पुराणिक व कीर्तनकार, कोठें छापखान्यांतील काम, असें चाललें होतें. मनांत आलें म्हणजे कोणास न सांगतां निघून जावें, कांहीं दिवसांनीं अचानक परत यावें, हातीं पैसा आला तर वाटेंत भेटलेल्या गरजूस देऊन मोकळें व्हावें, आणि बायकोनें तोंवर माहेरीं किंवा आप्तांकडे दिवस काढावे, असा त्यांचा क्रम होता. लक्ष्मीबाईंनीं हें सर्व आपल्या स्मृतिचित्रें या ग्रंथांत हंसत हंसत सांगितलें आहे. हा ग्रंथ १९३४ पासून भागशः प्रसिद्ध झाला. तो वाचतांना हंसूं येतें तसें डोळ्यांत पाणीहि येतें. टिळकांची थोरवी गातांना कित्येक लेखक हा भाग गाळतात. आम्ही तो गाळीत नाहीं. कारण पुढें ज्यानें इतक्यांना घर दिलें त्यास प्रथम स्वतःचेंच घर सांभाळतां येत नव्हतें, हें समजल्याशिवाय पुढील गोष्ट समजत नाहीं.

ही भटकंती केवळ पोटाची नव्हती. देशांतील फूट, जातिभेद व मूर्तिपूजा यांविषयीं त्यांच्या मनास स्वस्थता नव्हती. सर्व हिंदी लोकांस एकत्र आणील असा नवा धर्म आपणच काढावा, असेंहि त्यांच्या मनांत घोळत असे. नागपुरास आप्पासाहेब बुटी या श्रीमंत गृहस्थांनीं त्यांस आश्रय देऊन संस्कृत ग्रंथांच्या कामावर ठेविलें, व तेथें त्यांचें नांव कवि व वक्ता म्हणून गाजूं लागलें. परंतु मन तेथेंहि रमलें नाहीं.

१८९३ सालीं नागपुराहून राजनांदगांवास जात असतां आगगाडींत एका युरोपियन प्रवाशाची व त्यांची गांठ पडली. दोघांचें काव्यावर व धर्मावर बोलणें झालें. उतरण्यापूर्वीं त्या गृहस्थानें नव्या कराराची एक प्रत त्यांच्या हातीं दिली, व दोन वर्षांच्या आंत ते ख्रिस्ती होतील असें भाकीतहि केलें. टिळकांनीं तें हंसण्यावारीं नेलें. पण दिलेला शब्द पाळण्यासाठीं त्यांनीं पुस्तक वाचावयास घेतलें, आणि डोंगरावरील प्रवचनापाशीं आल्यावर त्यांस तें खालीं ठेववेना. जे प्रश्न वर्षानुवर्षें मनास खात होते, त्यांचीं उत्तरें तेथें होतीं. पुढें ख्रिस्ती लोकांशीं पत्रव्यवहार झाला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळींत त्यांचा बाप्तिस्मा झाला. भाकिताचीं दोन वर्षें जवळ जवळ पुरीं होत आलीं होतीं.

या बाप्तिस्म्याची किंमत टिळकांनीं दिली त्याहून अधिक लक्ष्मीबाईंनीं दिली, असें आमचें मत आहे. ही बातमी त्यांच्यावर एकाएकीं कोसळली. त्या वेळच्या समाजाच्या दृष्टीनें पति जिवंत असून मेल्यासारखा. कुंकू लावावें तरी लोक बोलणार, न लावावें तरी बोलणार. लहान मुलगा दत्तू यास घेऊन त्यांनीं आप्तांकडे, कांहीं काळ पंढरपुरास, दिवस काढले. दुःखानें त्या अंथरुणास खिळल्या, आणि त्याच दुःखांत त्या कविता करूं लागल्या, ही नवलाची गोष्ट. इकडे टिळकांसहि चैन नव्हतें. ज्यांनीं लहानपणापासून घरें सोडलीं, त्यांना आतां प्रथमच घर हवें होतें, आणि तें मिळत नव्हतें. सुमारें पांच वर्षें हीं दोघें वेगळीं होतीं.

मधल्या काळांत टिळकांचें ठाणें अहमदनगर, म्हणजे आजचें अहिल्यानगर, येथें पडलें. तेथील सेमिनरींत होतकरू उपदेशकांस शिकविण्याचें काम त्यांजकडे आलें. डॉ. रॉबर्ट ह्यूम या वडीलधाऱ्या मिशनरी साहेबांचा त्यांस मोठा आधार होता. नगरचें मिशन १८३१ पासूनचें, आणि त्याच्या मंडळ्यांतील बहुतेक कुटुंबें महार व मांग समाजांतून आलेलीं होतीं. गांवच्या वेशीबाहेर ज्यांस पिढ्यान् पिढ्या ठेविलें, विहिरीस ज्यांचा हात लागूं दिला नाहीं, अशा लोकांच्या पंक्तीस हा चित्पावन शास्त्री येऊन बसला. यांत त्याग टिळकांचा होता, असें सर्वच सांगतात. परंतु दुसरी बाजू कोणी सांगत नाहीं. ज्या जातीच्या सावलीचाहि धाक होता, त्या जातीच्या मनुष्यास आपल्यांत घेणें, त्याच्याशीं भाऊ म्हणून बोलणें, त्यास आपल्या घरीं भाकरी वाढणें, हें त्या मंडळीस सोपें गेलें असेल काय? मनांत संशय असणें स्वाभाविक होतें. तरी त्यांनीं त्यास घेतलें. टिळकांस घर दिलें तें प्रथम या गरीब मंडळ्यांनीं दिलें, आणि त्यांच्या चरित्रांत त्या मंडळ्यांचें नांव मोठ्या अक्षरांत लिहिलें पाहिजे, असें आम्हांस वाटतें.

पुढें आप्तांच्या मनाविरुद्ध लक्ष्मीबाई मुलास घेऊन नगरास आल्या. त्या पतीकडे आल्या होत्या. मंडळींत आल्या नव्हत्या. सोंवळें तसेंच, पाणी वेगळें, स्वयंपाक वेगळा. येथें टिळकांच्या स्वभावांतील मोठा पालट दिसून येतो. जो मनुष्य शीघ्रकोपी म्हणून प्रसिद्ध होता, त्यानें पत्नीच्या श्रद्धेवर जबरदस्ती केली नाहीं. तिचें सोंवळें संभाळलें जावें अशी व्यवस्था त्यानें करूं दिली. शेजारच्या ख्रिस्ती बायकांनींहि हें सोसलें. आपल्या हातचें पाणी न घेणाऱ्या बाईकडे रोज जाणें-येणें ठेवणें, तिच्या मुलास खेळविणें, तिच्या दुखण्यांत विचारपूस करणें, हें किती कठीण आहे, तें ज्यांच्या वाट्यास आलें त्यांसच कळेल.

राहुरीस असतां लक्ष्मीबाईंच्या मनांत या गोष्टीचा उलगडा झाला. त्यांस कोणी वादांत हरविलें नाहीं. जात देवानें केलेली नाहीं, मनुष्यांनीं केलेली आहे, असें त्यांच्या मनानेंच घेतलें, आणि एकदां तसें पटल्यावर त्या कोणाच्याहि हातचें खाऊं-पिऊं लागल्या. त्यानंतर १९०० सालीं त्यांचा व मुलाचा बाप्तिस्मा झाला. हा क्रम ध्यानांत घेण्याजोगा आहे. एका ताटांत जेवणें आधीं झालें. मंडळीच्या वहींत नांव मागाहून चढलें. आपल्याकडे बहुधा उलट होतें. नांव लागतें, आणि जेवावयास बोलावण्याचें राहून जातें.

तेंच साल महाराष्ट्रांत मोठ्या दुष्काळाचें होतें, आणि त्याच सुमारास प्लेगहि फिरत होता. मिशनच्या ठिकाणांत अनाथ मुलें गोळा झालीं. टिळकांच्या घरांत पोरक्यांस आसरा मिळूं लागला तो कायमचाच. टिळकांनीं कोणास तरी हात धरून आणावें आणि लक्ष्मीबाईंनीं डब्यांत पीठ किती उरलें हें पाहावें, असा संसार होता. पैशाच्या बाबतींत टिळक जसे पूर्वीं होते तसेच राहिले, हें खरें. त्यांचा हात पसरलेला तो पसरलेलाच. परंतु पूर्वीं ते घर सोडून जात, आतां जग घरांत आणूं लागले. त्रास लक्ष्मीबाईंस दोन्हींकडून झाला. पण दुसऱ्या त्रासांत त्या स्वतःच भागीदार झाल्या.

आतां त्यांच्या पदांविषयीं. टिळकांच्या आधीं मराठी ख्रिस्ती पदें नव्हतीं असें नाहीं. नगरकडे कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनीं ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा पाडली होती, आणि तें श्रेय त्यांस दिलें पाहिजे. तरी उपासनेंतील पुष्कळसें गाणें इंग्रजी गीतांचें भाषांतर असे, व चालीहि विलायती. खेड्यांतील शेतकऱ्यास ती चाल उचलत नसे; तो ओठ हालवी, इतकेंच. टिळकांस यांतील उणीव तत्काळ दिसली. ज्या मनुष्यास प्रार्थना करतांना परकी भाषा बोलल्यासारखें वाटतें, तो मंडळींत कितीहि वर्षें बसला तरी पाहुणाच राहतो, अशी त्यांची समजूत होती. त्यांनीं अभंग, ओवी, पद, आरती अशा ओळखीच्या साच्यांत ख्रिस्ताचें नांव घातलें. ख्रिस्त हा गुरु, ख्रिस्त ही माउली, असें तें बोलणें. तुकारामबोवांचें ऋण ते शेवटपर्यंत उघडपणें मानीत, आणि आपल्या वाडवडिलांच्या भक्तीचा वारसा ख्रिस्ताकडे येतांना टाकून द्यावयाचा नसतो, असें ते म्हणत. अशीं शेंकडों पदें त्यांनीं रचिलीं. ज्या बायांस अक्षरओळख नव्हती त्यांसहि तीं तोंडपाठ करतां आलीं, कारण जात्यावर बसून म्हणावयाच्या गाण्यांचा ठेका त्यांत होता. याचा परिणाम दुहेरी झाला. ख्रिस्ती मनुष्यास आपण मराठीच आहों असें वाटूं लागलें, आणि दारावरून जाणारा हिंदु शेजारी कान देऊन क्षणभर थांबूं लागला.

कित्येकांनीं या रीतीवर आक्षेप घेतला. टाळ-मृदंग देवळांत आणल्यानें जुन्या चालीरीति परत येतील, अशी भीति त्यांस वाटे. ती भीति बाळगणारे लोक वाईट नव्हते. त्यांच्या आईबापांनीं जें सोडण्यासाठीं मार खाल्ला, त्याचाच वास त्यांस मृदंगांत येत होता. टिळक ब्राह्मण होते. जुन्या देवळांत त्यांस मान होता, आणि या लोकांस तेथें पायरीहि चढतां येत नव्हती. हा फरक टिळकांच्या पूर्ण लक्षांत आला होता असें आम्हांस नेहमींच वाटत नाहीं. तरी शेवटीं मंडळ्यांनींच निर्णय दिला. पदें राहिलीं.

टिळकांच्या घराचें दार ख्रिस्ती न झालेल्यांसहि उघडें होतें. १९०७ सालीं जळगांवास कविसंमेलन भरलें. तेथें त्र्यंबक बापूजी ठोमरे या मुलाच्या कवितेनें सर्वांस मोहित केलें, व त्यास बालकवि ही पदवी मिळाली. घरची गरिबी, मन हळवें, शिक्षण अर्धवट. टिळकांनीं त्यास पुढें नगरास आपल्या घरीं ठेवून घेतलें, आणि लक्ष्मीबाईंनीं त्याचे रुसवेफुगवे पोटच्या मुलाप्रमाणें काढले. ठोमरे हिंदुच राहिले. १९१८ च्या मे महिन्यांत आगगाडीखालीं सांपडून त्यांचा अकालीं अंत झाला. त्या घरांत त्यांस आसरा मिळाला तो कोणत्याहि अटीशिवाय. अमुक झालास तर जेवण, असा तेथें हिशेब नव्हता. घरांतील प्रार्थना मात्र कोणापासून लपविली जात नसे. कोण्या पाहुण्यासाठीं टिळकांनीं आपला ख्रिस्त झांकून ठेविला, असें कधींच झालें नाहीं.

टिळकांस पाळकाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचें संपादन त्यांजकडे आलें. या काळांतील त्यांच्या लेखांत एक तळमळ पुन्हां पुन्हां दिसते. मंडळी मिशनवर अवलंबून, पाळक पगारावर अवलंबून, आणि साहेब व हिंदी सेवक यांच्यामध्यें धनी-चाकर असें नातें. अशानें ख्रिस्ती समाज स्वतःच्या देशांत भाडेकरूसारखा राहील, अशी त्यांस भीति वाटे. मिशनरी लोकांवर त्यांचें प्रेम होतें, आणि त्यांतील कित्येकांनीं हें कडू बोलणें शांतपणें ऐकून घेतलें, हेंहि नमूद केलें पाहिजे. परंतु टिळक नुसतें लिहून थांबणारे नव्हते. १९१७ सालीं त्यांनीं मिशनची पगारी नोकरी सोडली, आपण ख्रिस्ती संन्यासी झालों असें जाहीर केलें, आणि ते साताऱ्यास जाऊन राहिले.

तेथें त्यांनीं देवाचा दरबार या नांवाची बंधुमंडळी काढली. येशूस गुरु मानणाऱ्या सर्वांस, बाप्तिस्मा झालेला असो वा नसो, तींत जागा होती. ज्यास ख्रिस्त प्रिय आहे परंतु घरदार सोडण्याचें धैर्य नाहीं, किंवा ज्यास मंडळीचें दार अजून परकें वाटतें, अशा मनुष्यानें कोठें बसावें, हा प्रश्न टिळकांस स्वतःच्या अनुभवावरून ठाऊक होता. त्यांच्या पत्नीस पांच वर्षें वाट पाहावी लागली होती. या दरबारावर त्या वेळीं पुष्कळ टीका झाली. बाप्तिस्म्याचें महत्त्व कमी होईल, उंबरठ्यावरच बसून राहण्याची लोकांस संवय लागेल, असें टीकाकार म्हणत. या टीकेंत तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. उंबरठा हा कांहीं घर नव्हे. परंतु उंबरठ्याशीं आलेल्या मनुष्यास आंत कोण आहे हें दिसावें, त्याच्याशीं कोणी बोलावें, एवढी व्यवस्था तरी हवी, आणि ती टिळकांनीं केली.

दरबारास फार दिवस मिळाले नाहींत. टिळकांची प्रकृति ढांसळत चालली होती. त्यांस उपचारासाठीं मुंबईस नेलें, आणि तेथें ९ मे १९१९ रोजीं, वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, त्यांनीं देह ठेविला. त्यांच्यामागें ती संस्था त्यांच्या कल्पनेप्रमाणें उभी राहिली नाहीं. तिचा प्राण तेच होते.

ख्रिस्ताचें चरित्र मराठी काव्यांत सांगणारें ख्रिस्तायन त्यांच्या हातून अपुरें राहिलें होतें. अकरा अध्याय झाले होते. लक्ष्मीबाईंस शाळेचें शिक्षण नव्हतें. अक्षरओळखहि लग्नानंतर झालेली. त्यांनीं तें काम हातीं घेतलें, आणि पुढचे चौसष्ट अध्याय लिहून तें पुरें केलें. त्या २४ फेब्रुवारी १९३६ रोजीं वारल्या.